उत्तरांचा हट्ट

रहस्यमालिकेने प्रत्येक प्रश्नाचे उत्तर दिलेच पाहिजे, हा हट्ट आम्हांस मान्य नाही. अमेरिकेतील ‘ट्विन पीक्स’ ही मालिका १९९० साली सुरू झाली. लॉरा पामरचा खुनी दाखवा, असा तगादा वाहिनीने लावला. त्याच वर्षी तो दाखविला गेला आणि १९९१ मध्ये मालिका आटोपली. खुनी कोण, हे सांगणे कर्तव्यच होते. प्रेक्षकाला नुसते झुलवत ठेवणे ही फसवणूक होय. परंतु खुनी निघाला तो तिचा बापच! त्याच्यात शिरलेले दुष्टत्व आले कोठून, याचा पुरता हिशेब कोणत्या लेखकाने द्यावा? तो मिळता, तर टीव्ही बंद करून आम्ही निर्धास्त झोपलो असतो. कोडे सुटावेच, गूढ मात्र मनात जागे राहावे.