चारठाण्याचे दगड आणि हुरड्याचा हिशेब



जिंतूर तालुक्यातल्या एका बैठकीत कापसाच्या भावावर बोलून झाले, आयात शुल्कावर बोलून झाले आणि उठता उठता एका तरुण कार्यकर्त्याने वेगळाच विषय काढला. म्हणाला, "आपल्या चारठाण्याला एवढी देवळं आहेत, बारव आहे, तो स्तंभ आहे. लोक गाड्या करून लोणारला जातात, औंढ्याला जातात. मग चारठाण्याला का येऊ नयेत? दोन पैसे गावात पडतील." मागे बसलेल्या एका जुन्या पाईकाने जागेवरूनच उत्तर दिले, "भाव मागायचं सोडून आता दगडं दाखवत हिंडायचं का रे?" बैठक हसली आणि मोडली.

पोरगा खाली मान घालून गेला. मला ते बरे वाटले नाही. प्रश्न त्याचा बरोबर होता आणि म्हाताऱ्याचा टोलाही बरोबर होता. दोघांनी एकमेकांचे ऐकून घेतले असते तर बैठकीला आणखी एक तास लागला असता, पण तो कारणी लागला असता. तो राहिलेला तास इथे कागदावर काढतो.

चारठाणा आपल्यापैकी बहुतेकांनी जिंतूरहून जालन्याकडे जाताना एसटीच्या खिडकीतून पाहिलेले आहे. पाटीवर गाडी थांबते, दोन माणसे उतरतात, गाडी पुढे जाते. आत गावात गोकुळेश्वराचे देऊळ आणि त्याच्या लगत दगडी बारव आहे. उकंडेश्वराचे देऊळ आहे. उघड्यावर उभा असलेला तो कोरीव स्तंभ आहे, ज्याला कोणी मानस्तंभ म्हणतो, कोणी दीपमाळ. गावाचे जुने नाव चारुक्षेत्र होते आणि इथे तीनशे साठ देवळे होती, असे जुनी माणसे सांगतात. तीनशे साठ कुणी मोजली नसतील. पण सांगण्यामागे काही तरी आहे, कारण जुन्या पांढरीत कुदळ मारली की घडीव दगड लागणे हे या भागात नवलाचे नाही. माळवदावर टाकायला पांढरी माती उकरणाऱ्या माणसाला हे कुणी शिकवावे लागत नाही.

उकंडेश्वर या नावावर जरा थांबा. उकंडा म्हणजे काय हे शहरातल्या माणसाला सांगावे लागेल, आपल्याला नाही. गावाने ज्याला उकंड्याचा देव म्हटले, त्या देवाचे दिवस कसे गेले असतील ते त्या नावातच आहे. बारा वर्षांनी उकंड्याचाही पांग फिटतो म्हणतात. इथे बारा वर्षे म्हणजे सात-आठशे वर्षे झाली, एवढाच फरक.

आता ही देवळे बांधली कुणी? शाळेत शिकवले, हेमाडपंताने. हेमाद्री हा तेराव्या शतकात महादेवराय आणि रामदेवराय या यादव राजांचा कारभारी. चुन्याचा वापर न करता दगडाला खाचा-कुसू काढून दगडात दगड बसवायची पद्धत त्याच्या नावावर खपते. खरे तर असे बांधकाम त्याच्या आधीपासून होत होते. अंबरनाथचे देऊळ १०६० सालचे आहे, तेव्हा हेमाद्रीचा जन्मही झालेला नव्हता. कारभाऱ्याचे नाव लागले, पाथरवटाचे लागले नाही, आणि पाथरवटाला वर्षानुवर्षे ज्याची ज्वारी पुरली त्या कुणब्याचे नाव तर कुठल्याच शिलालेखात येत नाही. एक खांब कोरायला चार माणसे महिनोन् महिने बसणार म्हणजे तेवढे महिने त्यांच्या घरची भाकरी दुसऱ्याच कुणाच्या खळ्यावरून आली पाहिजे. त्या काळी या काळ्या रानात खाऊन उरेल एवढे पिकत होते. तो वरकड माल गावातच, नाही तर गावाच्या जवळपास राहिला, म्हणून बारव झाली, देऊळ झाले. पुढे १२९६ साली अलाउद्दीन खिलजी देवगिरीवर आला आणि खंडणी घेऊन गेला. ती खंडणी काही देवगिरीच्या डोंगरावर उगवलेली नव्हती. वरकड गावाबाहेर जायला लागला की गावात काय होते, ते चारठाण्याच्या पडक्या शिळा दाखवतात. आमच्या मागणीचा याहून जुना पुरावा जिल्ह्यात मला तरी दुसरा माहीत नाही.

म्हणून त्या जुन्या पाईकाला माझे पहिले सांगणे असे की, दगड दाखवणे आणि भाव मागणे यात भांडण नाही. आपल्या पोरांना तो स्तंभ दाखवून विचारावे, की हे उभे करायची ऐपत एकेकाळी या गावात होती, आज त्याच रानात कापूस पिकवून आपल्याला घराचा गिलावा का करता येत नाही?

आता पोराच्या बाजूने हिशेब. २०२५-२६ च्या हंगामाला मालदांडी ज्वारीचा सरकारने जाहीर केलेला आधारभाव क्विंटलला ३,७४९ रुपये. म्हणजे किलोला साडेसदतीस. पाव किलो ज्वारीचे साडेनऊ रुपयेही होत नाहीत, आणि हा सुद्धा सरकारी कागदावरचा भाव, मोंढ्यातला नव्हे. तीच ज्वारी महिना-दीड महिना आधी, दाणा दुधात असताना कणसासकट काढली, आगटीत गोवऱ्यांवर भाजली, हातावर चोळून गूळ, दही आणि शेंगदाण्याच्या चटणीबरोबर ताटात ठेवली, की पुण्याच्या आसपास माणशी शेकड्यांनी रुपये मोजले जातात. ज्वारी तीच. मधले पैसे कशाचे? आगटीचे, झाडाच्या सावलीचे, बैलगाडीत बसलेल्या लेकरांच्या हसण्याचे. हे सगळे आपल्याकडे आहे आणि आपण ते पाहुण्याला फुकट देत आलो. सोयऱ्याला फुकट द्यावेच. पण गिऱ्हाईकाला सोयरा समजायचे काही कारण नाही.

बारामतीकडच्या भागात हा धंदा वीस वर्षांपासून चालू आहे. २०२० साली राज्य सरकारने कृषी पर्यटनाचे धोरणही काढले. त्यात किमान १ एकर जमीन असलेल्या शेतकऱ्याला नोंदणी करता येते. धोरण निघाले म्हणून मी हुरळून जायला सांगत नाही. धोरणे आपण पुष्कळ पाहिली. मला भीती वेगळीच आहे. कापसाचे जे झाले तेच या धंद्याचे होईल ही ती भीती. कापूस आपला, सरकी काढणारा दुसरा, सूत काढणारा तिसरा, कापड विकणारा चौथा, आणि भाव वाढायला लागला की आयात खुली. १९ ऑगस्ट २०२५ पासून त्या वर्षाच्या अखेरपर्यंत कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क माफ केले होते, ते ऐन वेचणीच्या हंगामात, हे कुणी विसरलेले नाही. उद्या चारठाण्याला गाड्या यायला लागल्या, तर रस्त्यालगतची जमीन कोण घेईल? बाहेरचा हॉटेलवाला. भाकरी करायला रोजाने बाया लावील, पोरांना गाड्या धुवायला ठेवील आणि मालदांडीच्या भाकरीचे पैसे शहरात नेईल. गाव पुन्हा कच्चा मालच. फक्त या वेळी कच्चा माल म्हणजे देऊळ, हुरडा आणि गावची शांतता.

तेव्हा यायचे असेल तर या धंद्यात मालक म्हणून यायचे, हे आधी ठरले पाहिजे. दहा घरांनी एकत्र बसून दर ठरवावा. गाव दाखवणारा पोरगा गावचाच असावा, त्याने आठ दिवस म्हाताऱ्यांजवळ बसून गोष्टी ऐकाव्यात आणि जे माहीत नाही त्याच्या थापा मारू नयेत. दिवसभराची वाट आखता येते. सकाळी चारठाणा, बारव आणि देवळे. दुपारी शेतावर जेवण. उन्हे कलल्यावर जिंतूरजवळच्या नेमगिरीच्या टेकडीवर जैन लेणी, आणि हौस असेल त्याला पूर्णेवरचे येलदरी धरण. यात सरकारचा एक रुपया लागत नाही. पौषात शाळू हुरड्यावर असतो, तेव्हा हवा थंड असते आणि वेचणीची बहुतेक धावपळ संपलेली असते.

घरोघरची एक गोष्ट स्पष्ट लिहितो, कारण बैठकीत पुरुष जास्त असतात आणि ती बोलली जात नाही. पाहुण्यांच्या भाकरी घरची बाईच थापणार, चटणी तीच कुटणार. मग ताटाचे पैसे तिच्या हातात पडले पाहिजेत, नवऱ्याच्या खिशात नाही. चांदवडला १९८६ साली लाखो बाया जमल्या होत्या आणि लक्ष्मीमुक्तीत कितीकांनी जमीन बायकोच्या नावावर केली. त्या चळवळीच्या माणसांना हे दुसऱ्यांदा समजावून सांगायची वेळ येऊ नये.

आता कायद्याचे. केंद्राने संरक्षित केलेल्या स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते, अशी तरतूद २०१० साली कायद्यात घातली गेली. राज्याने संरक्षित केलेल्या वास्तूंसाठी १९६० चा वेगळा कायदा आहे. वारसा जपावा याला माझा विरोध नाही. पण वारसा सगळ्या देशाचा, आणि पडकी भिंत बांधता येत नाही ती मात्र शेजारच्या एका शेतकऱ्याला, हा कुठला न्याय? धरणात जमीन गेली तर निदान मोबदल्यासाठी भांडता तरी येते. इथे जमीन नावावरच राहते आणि उपयोग जातो. ही शेतीतल्या उणे सबसिडीची धाकटी बहीण आहे. देशाला देऊळ हवे असेल तर देशाने शेजाऱ्याचे नुकसान भरून द्यावे. पर्यटनाच्या सभेत टाळ्या वाजवण्याआधी हा ठराव झाला पाहिजे.

आणि आपलीही चूक कबूल करू. जीर्णोद्धार म्हटला की आपण वर्गणी काढतो, कोरीव दगडावर तैलरंगाचे तीन हात मारतो, गाभाऱ्यात स्नानगृहाच्या फरश्या बसवतो आणि पुढे पत्र्याचा मंडप ठोकतो. भक्तीने करतो, पण शेकडो वर्षे जे ऊन-पावसाने बिघडले नाही ते आपण एका उन्हाळ्यात बिघडवतो. नांगराला मूर्ती लागली तर तहसीलला कळवायची. शंभर वर्षांवरच्या मूर्तीची खरेदी-विक्री १९७२ च्या कायद्याने वाटेल तशी करता येत नाही. रात्री मोटार घेऊन येणारा 'अभ्यासक' चहा पिऊन फोटो काढतो, भाव विचारतो, त्याला ओळखायला शिका.

चांगले उदाहरण लांब शोधायला नको. सेलू तालुक्यातल्या वालूरची चक्राकार पायऱ्यांची बारव गाळाने भरली होती. २०२१ च्या सुमारास गावकऱ्यांनी अंगमेहनतीने ती मोकळी केली आणि आता ती पाहायला लांबून माणसे येतात. दुसरे उदाहरण आपल्या घरातलेच. यवतमाळ जिल्ह्यात रावेरीला सीतेचे देऊळ आहे. रामाशिवाय एकटीच सीता. टाकलेल्या त्या बाईने लेकरांसाठी मूठभर गहू मागितला, गावाने दिला नाही, म्हणून तिथे गहू पिकेना, अशी कथा सांगतात. त्या देवळाचा जीर्णोद्धार शरद जोशींच्या पुढाकाराने झाला. देवधर्माच्या भानगडीत न पडणारा माणूस, पण त्या दगडात त्याला आपल्या मायबहिणींची कैफियत दिसली.

जो पोरगा बैठकीत बोलला त्याने पुढच्या बैठकीला पुन्हा यावे, आणि त्या पाईकमामांनीही यावे. दोघांनी मिळून गावात बोलावे. पौषातल्या एका रविवारी आधी आपल्याच माणसांनी चारठाण्याला जमावे, आपापली लेकरे घेऊन. शहरातले पाहुणे नंतर. बारवेच्या पायऱ्यांवरचे गवत आणि कचरा काढता येईल तेवढा काढू, कोरीव दगडाला हात न लावता. दुपारी आगटी पेटवू. खराटा आणि घमेले ज्याचे त्याने आणावे, गोवऱ्या आणि गूळभेंडीची कणसे चारठाण्याकडची मंडळी देतील असे मी त्यांना न विचारताच लिहून टाकतो. ताटाचा दर काय ठेवायचा ते तिथेच, खाऊन झाल्यावर, भाकरी करणाऱ्या बायांना विचारून ठरवू.