काढूनच टाका डॉक्टर!

आमचे काका बैलबाजारात उभे राहिले की बघत राहावं. दलाल काय वाट्टेल ते सांगो, काका शांतपणे ऐकून घेतात आणि मग सरळ बैलाच्या तोंडाला हात घालतात. खालचा ओठ ओढायचा, क्षणभर बघायचं, की झाला निकाल. दोनदाती, चारदाती, सहादाती, जुळलेला. बैलाचं वय दलालाच्या जिभेवर नसतं, बैलाच्या दातांत असतं, हे काकांचं ठाम मत. आजवर त्यांना कोणी फसवल्याचं ऐकिवात नाही.

पण खुद्द काकांचं तोंड वयाच्या ५८ व्या वर्षापर्यंत कोणी उघडून बघितलं नव्हतं.

हसू नका. आपल्यापैकी बहुतेकांचं (माझ्यासकट) हेच आहे. वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वेगळा झाला, तेव्हापासून इथे बरंच काही बदललं. दातांच्या दवाखान्याच्या पाट्या आता तालुक्याच्या गावीसुद्धा दिसतात. बदललेली नाही ती आपली त्या पायऱ्या चढायची वेळ. आपण दातांच्या डॉक्टरकडे जातो ते रात्रभर गाल धरून बसल्यावर, लवंग, मीठ, हळद, मेडिकलमधली लाल-पिवळी गोळी, सगळं संपल्यावर. आणि खुर्चीत बसल्या बसल्या पहिलं वाक्य काय? "काढूनच टाका डॉक्टर!"

मीही हेच म्हणालो होतो. वय ३४, आयुष्यातली दातांच्या दवाखान्यातली पहिली भेट. डॉक्टरीण बाई तरुण होत्या. त्यांनी हातमोजे घालता घालता विचारलं, "काढायची हे कोणी ठरवलं?" मी म्हटलं, "मीच." त्या म्हणाल्या, "मग मी आधी बघू तरी का?"

इतका ओशाळलो म्हणून सांगू! ताप आला म्हणून डॉक्टरकडे गेलो की आपण "अमुक सलाईन लावा" असं फर्मान सोडत नाही. (काही लोक सोडतात, पण ते असो.) दाताच्या बाबतीत मात्र निकाल आपण घरूनच लिहून नेतो आणि डॉक्टरकडे फक्त अंमलबजावणीला जातो. माझी ती दाढ वाचण्यासारखी होती. वाचली. आजही तिनं मी शेंगदाणे खातो.

माझ्या आईच्या वाट्याला हा प्रश्न आला नाही. तिनं "काढून टाका" म्हटलं आणि प्रत्येक वेळी कोणी ना कोणी काढून टाकली. एकेक करत डाव्या बाजूच्या सगळ्या दाढा गेल्या. आता ती भाकर वरणात चुरून खाते आणि म्हणते, "वय झालं." वय झालं हे खरंच. पण दाढा वयानं गेल्या नाहीत, त्या घाईनं गेल्या.

म्हणून पहिल्यांदा दातांच्या डॉक्टरकडे जाणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं हे: पहिली भेट काढायची नसते, दाखवायची असते. त्या भेटीत होतं तरी काय? डॉक्टर आधी विचारतात, मग छोट्या आरशानं आणि एका आकडीनं एकेक दात तपासतात. दातावर हलकं ठोकून बघतात, थंड लावून बघतात. गरज वाटली तर त्या दाताचा छोटा एक्स-रे काढतात. त्याचे किरण अगदी थोडे असतात, तरी बाई गरोदर असेल तर ते आधीच सांगावं. सूज किंवा पू असेल तर ताबडतोब काहीतरी करावं लागतं, तो भाग वेगळा. एरवी पहिल्या दिवशी इंजेक्शनची वेळ बहुधा येतच नाही.

आता मेडिकलमधल्या गोळीबद्दल. गोळीनं ठणका थांबतो आणि आपण खूश होतो. कधी कधी तर गोळी न घेताही आठ दिवसांनी दुखणं आपोआप बंद होतं. पण दाताचं दुखणं थांबणं म्हणजे दात बरा होणं नव्हे. पुष्कळदा आतली नस मेलेली असते, म्हणून ती ओरडत नाही. कीड मात्र तिचं काम करतच असते, आणि पुढे महिन्या-दोन महिन्यांनी गाल फुगतो. ठणका थांबला तो दिवस खरं तर डॉक्टरकडे जायचा दिवस. आपण नेमके त्याच दिवशी शेतात जातो.

दुसरं सांगणं, तिथे खोटं बोलू नका. इथे मला पुन्हा काकांकडे यावं लागेल.

काकांच्या दाढेत कळ निघाली म्हणून मी त्यांना मानोरा तालुक्यातल्या आमच्या गावाहून वाशीमला आणलं. त्याच डॉक्टरीण बाईंकडे. बाईंनी विचारलं, "काका, शुगर, बीपी आहे का? कुठल्या गोळ्या सुरू आहेत?"

"काई नाई."

मी आतल्या आत चमकलो. काकांना शुगरची गोळी सुरू होऊन चार वर्षं झाली होती. मी सांगितल्यावर काका म्हणतात कसे, "अरे, थे पोटाची गोळी हाय, दाताले तिचं काय!"

तर मंडळी, दाताला तिचं फार असतं. शुगर वाढलेली असली तर जखम लवकर भरत नाही, हिरड्या लवकर बिघडतात. रक्त पातळ होण्याची गोळी सुरू असेल तर दात काढल्यावर रक्त थांबायला वेळ लागतो. (म्हणून ती गोळी आपल्या मनानं बंदही करायची नाही. ते दोन्ही डॉक्टरांनी ठरवायचं.) हृदयाची झडप बदललेली असेल, एखाद्या औषधानं पूर्वी अंगावर गांध्या उठल्या असतील, हे सगळं इंजेक्शनच्या आधी सांगायचं. नावं लक्षात राहत नसतील तर गोळ्यांची पाकिटंच पिशवीत टाकून न्यावीत. आणि उपाशीपोटी जाऊ नये. साध्या दाताच्या इंजेक्शनला उपास लागत नाही. उलट भीती आणि रिकामं पोट एकत्र आलं की खुर्चीतच भोवळ येते.

मग बाईंनी दुसरा प्रश्न विचारला. "खर्रा खाता का?"

"कवा कवा."

आता हे 'कवा कवा' म्हणजे दिवसाला चार-पाच पुड्या. घोटलेल्या खर्ऱ्याची पन्नी त्यांच्या बंडीच्या खिशातून तेव्हाही डोकावत होती. बाईंनी ती पाहिली, पण बोलल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, "तुमची तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात घालून दाखवा बरं." काकांची दोनच गेली. तीही ओढूनताणून.

"माह्यं तोंड लहानपनापासूनच लहान हाय," काका म्हणाले.

बाई म्हणाल्या, "ठेचा झोंबतो का हो अलीकडे?"

काका गप्प झाले. वऱ्हाडातला माणूस एरवी काहीही लपवेल, पण ठेच्याबद्दल खोटं बोलणार नाही! दोन वर्षांपासून त्यांचा ठेचा सुटला होता. घरात सगळ्यांना वाटत होतं की म्हातारपणामुळे तिखट कमी केलं.

हे दुखणं सुपारीचं. सुपारीनं गालाच्या आतली कातडी हळूहळू पांढरी आणि चिवट होत जाते, तोंड उघडेनासं होतं. त्याला ओरल सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. त्यातल्या काहींना पुढे कर्करोग होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ साली नुसत्या सुपारीलासुद्धा कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातलं, म्हणजे "तंबाखू नाही, साधी सुपारी आहे" ही पळवाटही उरली नाही. २०१२ साली राज्यात गुटख्यावर बंदी आली. पण आपल्याकडे पानठेल्यावर खर्रा घोटायचा आवाज काही थांबलेला नाही.

काकांच्या गालात मागे एक पांढरा चट्टाही होता. त्याचा तुकडा तपासणीला गेला. रिपोर्ट यायला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांबद्दल मी इथे लिहीत नाही. कर्करोग नव्हता. हुश्श! पण आवळलेलं तोंड पहिल्यासारखं पूर्ण उघडेल याची आशा कमी, असं बाईंनी स्पष्ट सांगितलं. खर्रा सोडला तर पुढचं नुकसान थांबण्याची शक्यता, नाही सोडला तर काहीच सांगता येत नाही.

विचार करा. दुखत होती दाढ, आणि सापडलं हे. समजा काका "काढून टाका" म्हणाले असते, आणि समोरच्यानं मुकाट्यानं काढून टाकली असती तर?

तिसरं सांगणं, विचारायला लाजू नका. यात सगळा दोष पेशंटचा नाही, हे मी मोकळेपणानं म्हणतो. काही डॉक्टर खर्च शेवटी सांगतात, काही तर बोलतच नाहीत. माझ्या एका नातेवाइकानं रूट कॅनाल अर्ध्यात सोडलं, कारण वर कॅप बसवावी लागते आणि तिचे पैसे वेगळे, हे त्याला मध्येच कळलं. दाढ पुढच्या वर्षी तुटली. पैसे गेले, दाढही गेली.

शहरातल्या माणसाला खर्च म्हणजे फी. आपल्याकडे खर्च म्हणजे फी, अधिक एसटीचं भाडं, अधिक बुडालेली मजुरी. म्हणून पहिल्याच भेटीत तीन प्रश्न विचारा. किती पैसे लागतील? किती फेऱ्या लागतील? आणि दुसरा काही उपाय आहे का? रूट कॅनालला बऱ्याचदा दोन-तीन फेऱ्या होतात. सोयाबीनची सोंगणी तोंडावर असेल तर तसं सांगा. तात्पुरतं औषध भरून फेऱ्या पुढे घेता येतील का, हे डॉक्टर सांगू शकतात. पण तुम्ही सांगितलं तर! आणि सगळं समजून घेऊन शेवटी "परवडत नाही, काढा" म्हणालात तर त्यातही कमीपणा नाही. तो निदान विचार करून घेतलेला निर्णय असतो. जिल्हा रुग्णालयाचा दंतविभागही विसरू नका. मोठं काम असेल तर नागपूरला १९६८ पासून सरकारी दंत महाविद्यालय आहे.

आणि हो, भिंतीवरचा नोंदणी क्रमांक बघा. १९४८ साली दंतवैद्यकीचा कायदा झाला, तेव्हापासून हा धंदा नोंदणीशिवाय करता येत नाही. तरी बाजारात सतरंजीवर कवळ्या मांडून बसणारे आपण सर्वांनी पाहिले आहेत. बैलाचे दात मोजणाऱ्या माणसानं दात बसवणाऱ्याची डिग्री विचारली तर बिघडलं कुठे?

राहिले आपले गावठी सिद्धांत. वरची दाढ काढली की डोळे जातात म्हणे. नाही जात. दिसण्याची नस वेगळी, दाताची वेगळी. चाळिशीनंतर दाढाही जातात आणि चष्माही लागतो, त्याची आपण सोयरीक जमवून टाकली. दुसरा सिद्धांत, साफ केल्यानं दात हलतात. दात आधीच सैल झालेले असतात, दगडासारख्या साचलेल्या किटणानं ते एकमेकांना धरून ठेवलेले असतात, इतकंच. तिसरा घातक आहे. दाढ काढली की लगेच गरम पाण्याच्या गुळण्या! त्या दिवशी गुळणी नाही, सारखं थुंकणं नाही, विडी-खर्रा तर नाहीच. तिथे रक्ताची जी गुठळी धरते तीच जखमेवरचं झाकण असते. ती निघाली की दाढ दुखत होती त्याहून जास्त जागा दुखते. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या दुसऱ्या दिवसापासून.

एक शेवटचं, घरात लहान मुलं असणाऱ्यांसाठी. "जेव नाहीतर डॉक्टर सुई टोचेल" हे वाक्य बंद करा. पोराला काहीही दुखत नसताना एकदा त्या खुर्चीत बसवून आणा. खुर्ची वर-खाली होते याचंच त्याला कौतुक वाटेल. त्याची पहिली आठवण ठणक्याची नसली तर मोठेपणी ते खुर्चीत बसून "काढूनच टाका" म्हणणार नाही.

काकांचं विचाराल तर दाढ भरून झाली. खर्रा "सोडला" आहे. म्हणजे काकूंसमोर सोडला आहे, बाकीचं मी विचारत नाही, पण बघतो. परवा गावी गेलो तर अंगणात बसले होते. मला म्हणाले, "पाह्य बरं." आणि स्वतःच तीन बोटं तोंडाशी नेली. दोन गेली. तिसरं ओठापाशी अडलं.

"जाईन, जाईन," ते म्हणाले, आणि बैलाला पाणी पाजायला उठले.