आपल्या पांढरीचा इतिहास



दरवर्षी १ जानेवारीला आपल्याकडची मंडळीही भाकरी बांधून भीमा कोरेगावला निघतात. बाबासाहेब १९२७ साली त्याच दिवशी त्या स्तंभाजवळ उभे राहिले होते. जायलाच पाहिजे. परंतु कोरेगावहून पुढे पळालेला पेशवा अखेरचा पराभव पावला तो आपल्याच पांढरकवड्याच्या परिसरात, हे आपल्या किती घरांत माहीत आहे? आमच्या शाळेच्या पुस्तकात तर पांढरकवड्याचे नावही नव्हते.

झाले ते असे. फेब्रुवारी १८१८ मध्ये आष्टीच्या लढाईत सेनापती बापू गोखले पडला. दुसरा बाजीराव नागपूरच्या आप्पासाहेब भोसल्याच्या आशेने चांद्याच्या रोखाने आला. आप्पासाहेबाला तर इंग्रजांनी मार्चमध्येच पकडले होते. समोर वर्धा नदीकाठी कर्नल स्कॉट, हिंगणघाटकडून कर्नल ॲडम्स, मागून जालन्याचा डव्हटन. या कात्रीत १७ एप्रिलला ॲडम्सने त्याला गाठले. इंग्रजांच्या इतिहासात त्या जागेचे नाव शिवणी असे येते. पेशव्याजवळ उरलेल्या पाच तोफा गेल्या, तीन हत्ती गेले, दोनशे उंट गेले. हजारावर माणसे मेली, असे इंग्रज लिहितात. बाजीराव मात्र निसटला. जूनमध्ये माल्कमच्या स्वाधीन झाला आणि सालाना आठ लाखांची पेन्शन घेऊन बिठूरला राहिला.

हजार माणसे मातीत आणि धन्याला आठ लाख! हा हिशेब आमच्यासारख्या कारकुनालाही जुळवता येत नाही.

कोरेगावच्या स्तंभावर आपल्या माणसांची नावे कोरलेली आहेत. म्हणून तर त्यांचे वारस आज तिथे मान ताठ करून उभे राहतात. इथे मेले त्यांची नावे कोणी लिहिली नाहीत. पेशव्याच्या बाजूने होते म्हणून ते गरीब नव्हते, असे थोडेच आहे? आणि फौज गावावरून गेली की वाटाड्या कोण व्हायचा? महार. ओझे कोणाच्या डोक्यावर? महाराच्याच. शिवेचा तंटा पडला तर साक्षही त्याचीच धरायचे, कारण धुरा न् धुरा त्याच्या पायाखालचा. गावाची वस्ती ती पांढर, पिकाची जमीन ती काळी. आपला वाडा पांढरीच्या बाहेर आणि काळीत आपला हिस्सा नाही, परंतु दोन्हींची खडान् खडा माहिती आपल्या म्हाताऱ्यांजवळ.

ती माहिती आता चालली आहे. आता वावर गट क्रमांकाने ओळखतात, नावाने नाही. कोणत्या नाल्याला काय म्हणत, कोणत्या टेकाडावर रात्री जायला माणसे का भीत, हे तलाठ्याच्या दप्तरात मिळणार नाही. ते सांगणारी माणसे आज ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांना ऐकू कमी येते आणि विचारायला कोणाला वेळ नाही, टी.व्ही. सुरू असतो.

तेव्हा नववी-दहावीच्या मुलामुलींनी या सुट्टीत शंभर पानी वही घ्यावी. पांढरकवडा, केळापूर आणि आसपासच्या खेड्यांतल्या वावरांची, नाल्यांची, पांदणांची जुनी नावे आजा-आजीला विचारून लिहावीत. फौजेची, तोफेची, छावणीची आठवण असलेले एखादे नाव निघाले तर आम्हाला पत्राने कळवावे. सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाकडे आधी जावे.