अफवेचा वेग आणि बातमीची जबाबदारी

१ जुलै २०१८ रोजी, रविवारी, धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी जमावाने पाच जणांना ठार मारले. ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून त्यांना मारहाण झाली. मुले पळविणारी टोळी फिरत असल्याची अफवा मोबाइलवरून आणि तोंडोतोंडी आधीच त्या भागात पसरली होती. मारले गेलेले लोक नाथपंथी डवरी गोसावी समाजातील, गावोगाव भिक्षा मागून जगणारे होते. दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांत ठळक मथळे आले. बातमी खरी होती. परंतु ती पाच जीव गेल्यानंतर आली.

अफवा ही काही आजची नव्हे. २१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपती दूध पितो ही वार्ता एका दिवसात देशभर पोहोचली, तेव्हा मोबाइलचा प्रसार झालेला नव्हता. मात्र तेव्हाची अफवा केवळ शब्दांवर जगत होती. आजची अफवा आपला साक्षीदार, म्हणजे छायाचित्र, सोबत घेऊन येते. ते चित्र पुष्कळदा खरे असते. खोटे असते ते त्याखाली लिहिलेले स्थळ आणि काळ. म्हणूनच ते खोडून काढण्यास वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात ते शंभर गावे हिंडून येते.

अशा वेळी पत्रकारापुढे दोन मोह उभे राहतात. पहिला, अफवेच्या वेगाने आपणही धावण्याचा. मग ऐकीव गोष्ट प्रश्नचिन्ह लावून छापली जाते. पण प्रश्नचिन्हाने जबाबदारी टळत नाही. दुसरा मोह मौनाचा. सर्व खात्री होईपर्यंत गप्प राहावे, हे दिसायला सुरक्षित. परंतु ती रिकामी जागा अफवाच भरून काढते. काय कळले आहे, काय कळलेले नाही आणि चौकशी कोठवर आली आहे, हे स्पष्ट सांगणे हाच यातून निघणारा प्रामाणिक मार्ग होय.

या संकटातून वृत्तपत्रेही सुटलेली नाहीत. मार्च २०२० मध्ये कागदातून विषाणू पसरतो या भीतीने मुंबईत दैनिकांचे वितरणच काही दिवस थांबले. खात्रीच्या माहितीची गरज सर्वाधिक असताना ती देणारा कागदच संशयित ठरला!

या लढाईचा खरा शिपाई राजधानीत नाही, तालुक्यात आहे. बाजारात आलेले अनोळखी लोक कोण, कोठले, दरवर्षी का येतात, हे तालुक्याचा वार्ताहरच जाणू शकतो. परंतु त्याच्याकडून बातमीबरोबर जाहिरातीचीही अपेक्षा केली जाते, आणि मानधन मात्र तुटपुंजे असते. भटक्यांचे जिणे शांततेच्या काळात वाचकांना परिचित झाले असते, तर अफवेला तेथे जागा मिळणे कठीण गेले असते. खोट्याचे खंडन दुसऱ्या दिवशी करता येते. ओळख मात्र आदल्या दिवशीच करून द्यावी लागते. हे काम खर्चाचे आणि सावकाशीचे आहे. पण राईनपाड्याने मोजलेली किंमत त्याहून कितीतरी मोठी होती.