पांढऱ्या अस्वलाच्या नावे

जमाखर्चाचा पहिला धडा गिरवताना प्राध्यापक सांगतात की रक्कम कधी हवेत विरत नाही. एका खात्याला जमा झाली की दुसऱ्या कोणाच्या तरी नावे ती पडतेच. कारखान्यातून आणि शेतातून जी रसायने बाहेर पडतात त्यांना मात्र हा नियम आपण लावीत नाही. नदीत गेली, वाऱ्यावर गेली, म्हणजे संपली! पण १९६६ सालीच अंटार्क्टिकातील पेंग्विनांच्या शरीरात डीडीटी सापडले होते. तिथे ना शेत, ना डास.

उत्तर ध्रुवाकडची कथा याहून गुंतागुंतीची आहे. पीसीबी नावाची रसायने अमेरिकेत १९२९ च्या सुमारास बाजारात आली. सहजी पेट घेत नाहीत, वीज वाहू देत नाहीत, म्हणून ट्रान्सफॉर्मरच्या तेलात ती भरली गेली. १९७९ साली अमेरिकेने त्यांचे उत्पादन बंद केले. पण त्यांचा जो गुण व्यापाराला हवा होता, चिवटपणा, तोच नडला. उष्ण प्रदेशात ती वाफ होऊन उडतात, थंडीत खाली बसतात, पुन्हा उडतात, आणि अशा मजला मारीत ध्रुवाकडे पोहोचतात. तेथे सूक्ष्म जीवांतून माशात, माशातून सीलमध्ये, आणि सीलच्या चरबीतून पांढऱ्या अस्वलात. प्रत्येक पायरीवर प्रमाण चढत जाते. चक्रवाढ व्याजच म्हणा. (आमच्या कन्नड विभागातले मित्र या प्राण्याला 'हिमकरडी' म्हणतात. आम्हा मराठी शाळेतल्या मुलांना करडी म्हटले की आधी तेलच आठवते!)

बर्फ वितळला की अस्वलाला सील मिळत नाही. ते उपाशी राहते, साठवलेली चरबी जाळते, आणि चरबीत दडलेले विष रक्तात उतरते. मादीच्या दुधातून ते पिलांकडे जाते. अशा प्राण्याच्या शरीरावर किती ताण पडत असेल? ताण आला की शरीर कॉर्टिसॉल हे संप्रेरक सोडते. पण रक्त काढायचे तर अस्वलाला हेलिकॉप्टरने गाठून बेशुद्ध करावे लागते, आणि त्या धावपळीनेच कॉर्टिसॉल वाढते! म्हणून डेन्मार्कच्या संशोधक थेआ बेक्सहॉफ्ट आणि त्यांचे सहकारी केसांकडे वळले. केस वाढताना त्यात कॉर्टिसॉल साठत जाते, म्हणजे केस ही कित्येक महिन्यांची रोजकीर्द. पूर्व ग्रीनलंडमधील ९६ अस्वलांचे केस त्यांनी तपासले. त्यातले ८ तर १८९२ ते १९२७ या काळातले, जपून ठेवलेले.

अपेक्षा अशी की नव्या केसांत कॉर्टिसॉल जास्त निघेल. निघाले उलटे. जुन्या केसांत ते अधिक होते, आणि केसांतील रसायनांशी त्याचा स्पष्ट संबंध जुळला नाही. २०१२ साली हा निष्कर्ष त्यांनी जसाच्या तसा छापला. त्याआधी, २००४ साली, नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरील अस्वलांच्या रक्तात मात्र कॉर्टिसॉलच्या चढउताराशी या रसायनांचा संबंध दिसला होता. आकडे आपल्याला हवे तसे वळवले नाहीत म्हणूनच मला हे काम मोलाचे वाटते.

यावर कोणी म्हणेल, 'मग नुकसान सिद्ध कोठे झाले?' माझा वाद नेमका येथे आहे. सिद्ध करण्याचा बोजा अस्वलावर का? १९२९ पासून पन्नास वर्षे माल विकला गेला; निरुपद्रवी असल्याचा दाखला विकणाऱ्याने आधी द्यायला नको होता काय?

'माणसांचे प्रश्न थोडे आहेत म्हणून अस्वलाची चिंता?' असेही वर्गातल्या एका मित्राने विचारलेच. पण सील खाणारे अस्वल एकटे नाही. कॅनडातील उत्तर क्वेबेकच्या इन्युइट मातांचे दूध १९८० च्या दशकात डॉ. एरिक देवाइयी यांनी तपासले, तेव्हा त्यात पीसीबीचे प्रमाण दक्षिणेकडच्या मातांच्या सुमारे पाचपट निघाले. त्या बायांनी कधी ट्रान्सफॉर्मर विकला नव्हता.

आपलेही हात कोरडे नाहीत. रायगड जिल्ह्यातील रसायनी येथे सरकारी कारखान्यात डीडीटी वर्षानुवर्षे तयार झाले. हिवतापाशी लढताना त्याने माणसे वाचविली. ती जमेची बाजू वगळणारा हिशेबही खोटाच. शेतीत त्याचा वापर भारताने १९८९ साली थांबवला, आणि चिवट रसायनांविषयीच्या स्टॉकहोम करारात २००६ साली आपण सामील झालो, ते रोग पसरवणाऱ्या कीटकांसाठी डीडीटीची सवलत राखून. या सवलतीला माझा विरोध नाही. तिची किंमत कोठेच लिहिली जात नाही, याला आहे.

आमच्या कॉस्ट शीटमध्ये कच्चा माल, मजुरी, कारखाना खर्च, कचेरी खर्च, विक्री खर्च असे रकाने असतात. माल फाटकाबाहेर पडला की हिशेब मिटतो. त्यापुढच्या रकान्याविषयी परीक्षेत अजून एकही प्रश्न आलेला मी पाहिला नाही.