आजीचा बटवा आणि आमची एक चूक

मराठी घराच्या फडताळांत शिकेकाई, रिठा, आवळकाठी, वेखंड आणि हळकुंड हे जिन्नस असावयाचेच. रंगीत बाटल्यांनीं बाजार भरला तरी त्यांचा मान गेला नाहीं, आणि तें योग्यच आहे. शिकेकाई व रिठा यांत सॅपोनिन नांवाचें द्रव्य असतें. त्याचा पाण्यांत फेस होतो व केसांतील तेल आणि मळ सुटतो.

हळदीची कथा तर विद्यार्थ्यांनीं मुद्दाम लक्षांत ठेवावी. १९९५ सालीं अमेरिकेंतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रास जखमेवर हळद वापरण्याचें पेटंट मिळालें. डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असलेल्या आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेनें जुने लेख पुढें मांडून हरकत घेतली, आणि १९९७ सालीं तें रद्द झालें. परंतु तें रद्द झालें तें हें ज्ञान जुनें आहे म्हणून. जें जुनें तें सर्व निर्धोक, असा निवाडा कोणीं दिलेला नाहीं.

हा भेद आम्ही स्वतःच्या चुकीनें शिकलों. एका विद्यार्थिनीनें तोंडावरील पुटकुळ्यांस उपाय विचारला. आम्हीं सहज सांगितलें, "लिंबू चोळ." तिनें सकाळीं लिंबू चोळलें आणि दिवसभर क्रीडांगणावर उन्हांत राहिली. दोन दिवसांत गालांवर भाजल्यासारखे फोड आले. मागून पडलेले काळे डाग कित्येक आठवडे गेले नाहींत. लिंबांतील कांहीं द्रव्यें उन्हाच्या योगानें कातडी जाळतात, हें आम्हांस ठाऊक नव्हतें. तिच्या आईनें आम्हांस बोल लावला नाहीं. "सरांनीं सांगितलें म्हणून केलें," एवढेंच त्या म्हणाल्या. तें वाक्य आम्हांस फार लागलें.

म्हणून पालकांस विनंति कीं, एक वर्षाच्या आंतील मुलास मध चाटवूं नये. त्यांतील जंतूंच्या बीजाणूंमुळें बोट्युलिझम हा जीवघेणा विकार होऊं शकतो. डोळ्यांत सुरमा घालूं नये. त्यांत पुष्कळदां शिसें असतें, व तें मुलांच्या मेंदूस घातक आहे. मुलींनीं कोणताही नवा लेप प्रथम हाताच्या आंतल्या बाजूस थोडासा लावून एक दिवस वाट पाहावी.

आजीचा बटवा जपावा, पण पारखून वापरावा. आणि जें ठाऊक नाहीं तें ठाऊक नाहीं म्हणण्याची लाज कोणींही, विशेषतः शिक्षकानें, बाळगूं नये.