तिसऱ्या घंटेआधी : नाट्यरसिकांना जाहीर आवाहन

रसिकहो,



दिवाळीच्या सुमारास नव्या नाटकांच्या जाहिरातींनी पानं भरतात, शनिवार-रविवारचे प्रयोग लागतात आणि प्रत्येक प्रयोगाआधी आपण तीच उद्घोषणा ऐकतो : मोबाईल बंद ठेवावेत, चित्रीकरण करू नये, लहान मुलं रडल्यास त्यांना बाहेर न्यावं. आपण ती इतक्या वेळा ऐकली आहे की आता ती कानापर्यंत येते, पुढे जात नाही. तेव्हा हे पत्र म्हणजे त्याच उद्घोषणेची लांबवलेली आवृत्ती असेल असं वाटणं साहजिक आहे. तसं नाही. फोन बंद करा हे तर सांगायचं आहेच, पण त्याआधी एक भांडण मिटवायचं आहे. ते मिटल्याशिवाय फोन बंद होतील असं मला वाटत नाही.

हे भांडण ऐकायचं असेल तर मध्यंतरात बटाटेवड्याच्या रांगेत उभं राहावं. शिवाजी मंदिर असो, गडकरी रंगायतन असो की बालगंधर्व, संवाद बदलत नाहीत. पांढऱ्या केसांची मंडळी म्हणतात, "आजकालच्या पोरांना दोन तास फोन सोडवत नाही. ह्यांना नाटक काय कळणार?" दोन माणसं सोडून उभी असलेली पोरं हळू आवाजात म्हणतात, "ह्या काका लोकांना फोन सायलेंट करता येत नाही, मग आणतात कशाला?" दोघांच्याही तक्रारीत तथ्य आहे. पण आपली तक्रार खरी असली की आपण स्वतः निर्दोष ठरतो, असा एक गोड गैरसमज दोन्हीकडे आहे.

दुसऱ्या अंकात काय घडतं ते बघा. रंगमंचावर बापाला मुलाचं पत्र मिळालेलं आहे. नट ते वाचतो, घडी घालतो आणि गप्प राहतो. ही शांतता तालमीत महिनाभर घासूनपुसून बसवलेली असते. नेमक्या त्या क्षणी सहाव्या रांगेत गायत्री मंत्राची रिंगटोन सुरू होते. फोन पर्समध्ये आहे. पर्सची चेन उघडते, आतली प्लॅस्टिकची पिशवी कुरकुरते, चष्म्याचं घर, औषधांचा डबा, मग कापडी पाऊच. आणि फोन जसजसा वर येतो तसतसा मंत्रही मोठा होतो. चष्मा लावलेला नाही म्हणून काकू फोन हातभर लांब धरून नाव वाचतात. मग तो कट करतात. पलीकडच्याला वाटतं चुकून कट झाला. तो पुन्हा लावतो. या खेपेला फोन उचलला जातो : "नाटकात बसलेय. नंतर करते. हो, हो, जेवण झालंय."

मागच्या रांगेतली एक मुलगी 'च्यक्' करते. तिचा राग रास्त आहे. पण राग कुठेतरी ओतायला हवा म्हणून ती आपला फोन काढते आणि मैत्रिणीला या काकूंविषयी दोन ओळी लिहून पाठवते. आवाज अजिबात नाही. उजेड मात्र तीन रांगांवर पडतो. अंधाराला सरावलेले डोळे तिकडे वळतात आणि रंगमंचावरून त्या काळोखात एकच चेहरा खालून उजळलेला दिसतो. नटाला आता दोन गोष्टी ठाऊक असतात : काकूंचं जेवण झालं आहे आणि या मुलीचं नाटकात लक्ष नाही.

काकूंना विचारलं तर त्या म्हणतील, माझा फोन चुकून वाजला, ती मात्र मुद्दाम बघत होती. मुलगी म्हणेल, मी कुणाला आवाजाचा त्रास दिला नाही. दोघीही अगदी मनापासून बोलत असतात.

हे असं का होतं, याचं उत्तर संस्कारांत शोधण्यापेक्षा फोन कुणाच्या हातात कधी आला यात शोधावं. भारतात पहिला मोबाईल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी झाला. तेव्हा मिनिटाचा दर सोळा रुपयांपर्यंत होता आणि आलेल्या फोनचेही पैसे पडत. आज सत्तरीत असलेल्या माणसाने त्याआधीची चाळीस वर्षं ट्रंक कॉल, शेजाऱ्यांकडचा फोन आणि एसटीडी बूथ यांत काढली होती. त्याच्या लेखी फोन वाजला म्हणजे काहीतरी महत्त्वाचं, बहुधा कुणीतरी आजारी किंवा गेलेलं. वाजणारा फोन न उचलणं हा त्याला समोरच्याचा अपमान वाटतो, कधीकधी अपशकुनही. अशा माणसाला तुम्ही सांगता की दोन तास फोन लागणारच नाही असा ठेवा. तो मान डोलावतो आणि आवाज थोडा कमी करतो.

उलट बाजूला बघा. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा आधी फुकट आणि मग स्वस्त झाला. तेव्हा शाळेत असलेली मुलं आज नाटकाला येतात. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचा फोन कधी वाजतच नाही. तो कायम सायलेंट. अचानक फोन करणं हाच त्यांना आगाऊपणा वाटतो, आधी मेसेज करून विचारायला हवं. पण स्क्रीनकडे नजर टाकणं हे त्यांच्या हिशेबी उठून बाहेर जाणं नाही. आपण बोलता बोलता खिडकीबाहेर बघतो, तितकंच ते. म्हणून वाजणारा फोन त्यांना रानटी वाटतो आणि उजळणारा फोन दिसतही नाही. ज्येष्ठांचं नेमकं उलटं. ज्याची सवय नाही तो दोष आपल्याला दुसऱ्यात लगेच सापडतो.

आता 'आमच्या वेळचे प्रेक्षक' या विषयावर थोडं, कारण मध्यंतरातली निम्मी भाषणं त्याच्यावरच असतात. अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'शाकुंतल' १८८० साली पुण्यात आलं, तेव्हा प्रेक्षागृहात आजच्यासारखा मिट्ट काळोख नसे. संगीत नाटकांच्या भरभराटीत वन्समोअरच्या गजराने नाटक जागच्या जागी थांबे, गायक नट तेच पद पुन्हा म्हणे आणि प्रयोग पहाटेपर्यंत लांबे. तेही रसिकच होते. कोकणात दशावताराला आजही लोक उठतात, चहा घेऊन येतात, शेजाऱ्याशी बोलतात, आणि खेळाचं काही बिघडत नाही, कारण त्या खेळाची बांधणीच तशी आहे. काळोखात, शांत बसून, एका पॉजवर जीव टांगून नाटक बघणं ही सवय आपण नंतर लावून घेतली आहे. ती कुठल्या पिढीच्या रक्तात नाही. म्हणून ती प्रत्येक प्रयोगाला नव्याने लावावी लागते, आणि म्हणून 'आमच्या वेळी' हा मुद्दा कृपया वड्याबरोबर संपवावा.

नटमंडळींनी हे सगळं सोसून पाहिलं, बोलूनही पाहिलं. २०१९ साली सुमीत राघवन यांनी नाशिकला 'नॉक नॉक सेलिब्रिटी'चा प्रयोग फोन वाजल्यामुळे थांबवला. त्याच वर्षी सुबोध भावे यांनी असंच चालणार असेल तर नाटकात काम करणं थांबवेन, असं जाहीरपणे लिहिलं. त्यावर मुंबईत नाट्यगृहांत जॅमर बसवण्याची चर्चा निघाली. जॅमर कुणालाही उचलून बसवता येत नाही, त्याला केंद्र सरकारची परवानगी लागते. शिवाय प्रेक्षकांत डॉक्टर असतात, घरी आजारी माणूस ठेवून आलेले असतात. भिंत जाड करून वागणूक सुधारत नाही.

कायदा करून तरी सुधारते का? न्यूयॉर्क शहराने २००३ साली नाट्यगृहात प्रयोग चालू असताना फोन वापरण्यावर बंदी घातली आणि पन्नास डॉलर दंड ठेवला. त्यानंतर बारा वर्षांनी, २०१५ साली, त्याच शहरात पॅटी ल्यूपोन या ज्येष्ठ अभिनेत्रीने चालू प्रयोगात एका प्रेक्षक बाईंच्या हातून फोन काढून घेतला. तो फोन वाजत नव्हता. बाई निमूटपणे मेसेज करत होत्या. 'आवाज तर करत नाही ना' म्हणणाऱ्यांनी हा प्रसंग लक्षात ठेवावा. आपल्याकडे बेस्टनेही २०२३ साली बसमध्ये इअरफोनशिवाय मोठ्याने व्हिडिओ लावण्याला मनाई केली. बसमध्ये ती किती पाळली जाते हे रोजचे प्रवासी जाणतात.

म्हणून माझी विनंती शासनाला नाही, तुम्हाला आहे, आणि ती वयाप्रमाणे वेगळी आहे.

ज्येष्ठांना पहिलं सांगणं : अलार्म. रक्तदाबाच्या गोळीसाठी रात्री नऊचा अलार्म लावलेला असतो. फोन सायलेंट केला तरी बहुतेक फोनवर अलार्म वाजतोच, कारण झोपलेल्याला उठवणं हेच त्याचं काम. तेव्हा सायलेंट पुरेसा नाही. स्मार्टफोन पूर्ण बंद करा, मग सहसा अलार्मही गप्प राहतो, आणि गोळी मध्यंतरात घ्या. व्हायब्रेटवर ठेवलेला फोन किल्ल्यांच्या जुडग्याशेजारी पर्समध्ये किंवा खुर्चीच्या लाकडी हातावर ठेवू नका. तो घरघरतो आणि पाच माणसं आपापले खिसे चाचपू लागतात. तरीही वाजलाच, तर नाव वाचू नका, खुलासा करू नका, बटण दाबून बंद करा. आणि बंद कसा करायचा ते माहीत नसेल तर शेजारच्या पोराला विचारा. विचारण्यात कमीपणा नाही. तुम्ही त्याला बँकेचा फॉर्म भरायला शिकवता तेव्हा त्याला कुठे कमीपणा वाटतो?

तरुणांना : उजेड हाही आवाजच आहे. ब्राइटनेस कमी करून, फोन मांडीत लपवून, अर्ध्या मिनिटापुरता बघितला तरी तो दिसतो. मनगटावरच्या स्मार्टवॉचचं तर तुमच्या लक्षातही येत नाही. टाळ्यांसाठी हात वर केला की ते पेटतं, आणि प्रत्येक मेसेजला पेटतं. त्यात थिएटर मोड असतो, नावच ते आहे, तो लावा. चालू प्रयोगाचं चित्रीकरण करू नका. तुमची पंधरा सेकंदांची क्लिप म्हणजे कुणाच्या तरी टाळीच्या वाक्याची चोरी असते, आणि पुढच्या प्रेक्षकाचा ते वाक्य पहिल्यांदा ऐकण्याचा आनंद त्यात गेलेला असतो.

आणि तुम्हाला एक जास्तीचं काम. शेजारी आजी-आजोबा बसले असतील तर दुसऱ्या घंटेला हसून विचारा, "काकू, अलार्म बंद करून देऊ का?" हेच वाक्य "ओ काका, फोन बंद करा की" असं प्रयोगाच्या मध्यात म्हटलं तर भांडण होतं, आधी म्हटलं तर मध्यंतरात तुम्हाला खोबऱ्याची वडी मिळण्याची शक्यता आहे. ज्येष्ठांनीही तसंच, काळोख होण्याआधी म्हणावं, "बाळा, घड्याळाचा उजेड येतो हं." अंगावर धावून जाणाऱ्यांचं आजवर कुणी ऐकलेलं नाही. डोअरकीपरने बॅटरीचा झोत तोंडावर मारला की आणखी वीस लोकांचं नाटक जातं.

मधल्या पिढीला, म्हणजे चाळिशी-पन्नाशीतल्या मंडळींना कुणी काही बोलत नाही. त्यांचा फोन वाजत नाही, उजळतही नाही, कारण ते बहुधा नाटकाला आलेलेच नसतात. ते फोन करणारे असतात. आई-बाबांची तिकिटं ऑनलाइन काढून द्यायची, कॅब बुक करायची आणि पावणेनऊला फोन करायचा : "पोचलात ना? कसं आहे नाटक?" रविवारी रात्री आपल्याकडे साडेआठचा प्रयोग सुरू होतो तेव्हा न्यू जर्सीत सकाळचे दहा-अकरा वाजलेले असतात. नाश्ता झालेला, सुट्टी, आईला फोन करण्याची ठरलेली वेळ. काकूंच्या पर्समधला तो मंत्र पुष्कळदा न्यू जर्सीतल्या एडिसनहून आलेला असतो. तेव्हा परगावच्या आणि परदेशातल्या लेकी-लेकांना कळकळीची विनंती : तिकीट तुम्ही काढलंय, वेळ तुम्हाला माहीत आहे, प्रयोग संपेपर्यंत फोन करू नका. काळजी वाटत असेल तर कॅबवाल्याला विचारा.

ज्यांना फोन चालू ठेवावाच लागतो, डॉक्टर असोत की घरी कुणी आजारी असलेले, त्यांनी प्लॅनवर सीट निवडताना कडेची घ्यावी, दाराजवळची. शेजाऱ्याला आधी सांगून ठेवावं. फोन थरथरला की उठून बाहेर जावं, बाहेर गेल्यावरच बोलावं. अशा माणसाकडे कुणी डोळे वटारू नयेत. तो कुठल्या कारणाने उठला हे आपल्याला ठाऊक नसतं.

निर्मात्यांनाही एक सांगायचं आहे. "मोबाईल बंद ठेवावेत" या वाक्यात अलार्म येत नाही, घड्याळ येत नाही, बंद कसा करायचा तेही येत नाही. उद्घोषणा तिसऱ्या घंटेला आणि काळोखातच झाली, तर चष्मा शोधून बटण सापडेपर्यंत पडदा उघडलेला असतो. ती दुसऱ्या घंटेला करा, दिवे चालू असताना करा, अलार्म आणि स्मार्टवॉच हे दोन शब्द त्यात घाला आणि नंतर अर्धा मिनिट थांबा, लोकांना फोन हातात घेऊ द्या. याला पैसे पडत नाहीत.

शेवटी सगळे कलाकार हात जोडून रांगेत उभे राहतात, प्रेक्षागृहातले दिवे लागतात. निर्मात्यांची हरकत नसेल तर तेव्हा सगळे फोन बाहेर काढा. फोटो घ्या, स्टोरी टाका, आजीला नटाशेजारी उभं करून सेल्फी काढा, न्यू जर्सीला व्हिडिओ कॉल लावून नाटक कसं झालं ते सविस्तर सांगा. पुढच्या रविवारचं बुकिंग त्यावरच उघडतं.

आपला,
एक प्रेक्षक